खांब मोजा, माणसं नको

जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि दहा-बारा दिवसांत २६ जून येतो. राजर्षी शाहूंची जयंती, परिपत्रकाच्या भाषेत सामाजिक न्याय दिन. त्या दिवशी आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांत साधारण एकच घडतं. फोटोला हार, उदबत्ती, नारळ आणि पाच-सहा भाषणं. भाषणं थोरल्या बहिणीच्या वहीतून उतरवलेली, ‘येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो’पासून ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’पर्यंत एका दमात. मग खाऊ. मग १ ऑगस्ट, मग २२ सप्टेंबरला कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई, एप्रिलमध्ये ११ आणि १४. आमचं वर्षाचं नियोजन काढून बघा, न्यायाला कुठं कमी नाही.

या भाषणांची मी टिंगल करत नाही. वर्षभर तोंड न उघडणारं पोर कधीकधी त्या दिवशी पहिल्यांदा उभं राहतं, तेवढ्यासाठी तरी ती व्हावीत. पण त्यांत एक गोम आहे. सगळा अन्याय ‘पूर्वी’ असतो. पूर्वी मुलींना शिकू देत नव्हते, पूर्वी पाण्याला शिवू देत नव्हते. मग महापुरुष आले आणि मिटलं. एका ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर फार छान बोललेली माझी एक विद्यार्थिनी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दप्तर उचलून घरी गेली. आई भांगलायला गेली होती, धाकट्याला सांभाळायला कुणी नव्हतं. वर्गात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तिला तर नाहीच.

आता प्रकल्प म्हणाल, तर तो शब्द ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. रात्री आठला स्टेशनरीच्या दुकानात आई उभी, ‘समाजसुधारकांचा तक्ता आहे का हो?’ कापायचं, चिकटवायचं, कडेला चमकी. मधल्या काळात साताऱ्याजवळचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषद शाळांचा गट, बघायला राज्यभरातले शिक्षक गेले, आम्हीही गेलो. गटागटानं बसलेली मुलं, फरशीवर आखलेल्या चौकटी, शिक्षकांचा आवाज कमी आणि मुलांचा जास्त. तिथून आल्यावर बऱ्याच शाळांनी फरशा रंगवल्या. प्रश्न मात्र पूर्वीसारखे आम्हीच विचारत राहिलो.

म्हणून चौथीच्या वर्गात मी एक शंभर पानी वही दोरीनं खिडकीला बांधून ठेवली. वर ‘हे असं का?’ एवढंच लिहिलं. ज्याला जे खटकेल त्यानं ते लिहायचं, नाव घालायचं नाही. महिन्यातून एकदा सगळ्यांनी वाचायची आणि हात वर करून एक प्रश्न निवडायचा. पहिल्या पानांवर काय काय होतं! शनिवारी वर्ग पोरीच का झाडतात. कॅप्टन कायम हुशारच का. खिचडी उरली तर आधी कुणाला. सरपंच बाई आहेत तर खुर्चीत त्यांचे मालक का बसतात. हा शेवटचा प्रश्न मी मुख्याध्यापकांना दाखवला तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि मग म्हणाले, ‘एवढा तेवढा बाजूला ठेवा.’

पहिल्या खेपेला मुलांनी निवडलं: घरात जास्त काम कोण करतं? गटांनी ठरवलं, सकाळी उठल्यापासून शाळेच्या घंटेपर्यंत, आठवडाभर. गणितात ताळ्याच्या खुणा नुकत्याच झाल्या होत्या, तेव्हा तक्ता त्यांनीच आखला. पण तक्ता भरायच्या आधीच भांडण लागलं, ते डेअरीवरून. पोरांचं म्हणणं, आम्ही दूध घालायला जातो, ते काम धरा.

‘सायकलवरनं जातोस, वाटंत गोट्या खेळतोस. त्ये काम व्हय?’

‘मग तू बाळाला खेळवतीस त्ये काम, आन मी खेळलो की न्हाई?’

दोन तास हे चाललं. मी तोंड मिटून बसले होते, आणि शिक्षकाला त्यासारखं अवघड काही नसतं. शेवटी मागच्या बाकावरच्या एकीनं व्याख्या केली. जे न केल्यावर बोलणी बसतात ते काम. पोरांनाही ती पटली. दूध न घातल्यावर बोलणी बसतात, गोट्या न खेळल्यावर बसत नाहीत. म्हणजे डेअरी काम, गोट्या वजा. कामाची याहून चांगली व्याख्या मला आमच्या कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही.

आठवड्यानं तक्ते आले. पोरींच्या रकान्यात खुणा मावेनात, हे होणारच होतं. कुणीतरी आईचाही रकाना पाडला होता आणि तो कागदाच्या पाठीमागं गेला होता. पण एका तक्त्यात सगळ्यांत जास्त खुणा मुलाच्या होत्या. पाणी, भाकरी, भांडी, सगळं. कागदावर नाव नव्हतं, पण वर्गात अक्षर कुणाचं ते सगळ्यांना कळतं. त्याच्या घरात आई नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नाव घेतलं नाही. फळ्यावर ‘मुली जास्त काम करतात’ असं लिहायला निघालेल्या मुलीनं हात थांबवला, विचार केला आणि लिहिलं, ‘ज्याच्या घरात आई नाही किंवा आई शेतात आहे तो जास्त काम करतो. बहुतेक ती मुलगी असते.’ वाक्य वेडंवाकडं आहे. मी ते तसंच राहू दिलं.

याच सुमाराला दुसऱ्या गटानं गावाचा नकाशा काढायला घेतला होता, आणि त्यात एकानं सुचवलं, कुणाच्या घरात संडास नाही ते मोजू या. सूचना चांगल्या मनानंच आली होती. मी तिथंच थांबवलं. मुलांच्या प्रकल्पात मी घातलेला नियम हा एवढाच: खांब मोजा, नळ मोजा, पायऱ्या मोजा, मिनिटं मोजा. माणसं मोजायची नाहीत.

हा नियम पुस्तकातून आलेला नाही. मी शाळेत असताना शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात हाळी व्हायची, ‘सवलतवाले उभे राहा.’ आम्ही उभे राहायचो. कुणी रागावत नव्हतं, उलट आमच्या भल्याचंच चाललेलं असायचं. सह्या होईपर्यंत उभं राहायचं आणि बाकीचा वर्ग बसून बघायचा. न्याय शिकवायला निघालेल्या वर्गात हेच फार सहज घडू शकतं. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला पुढं बोलवायचं, त्याची कहाणी ऐकायची, बाकीच्यांनी हळहळायचं आणि निबंध लिहायचा. हळहळणाऱ्यांचं शिक्षण होतं, उभं राहिलेल्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही. दिव्याच्या खांबाला मात्र लाज वाटत नाही. तो इथं आहे आणि तिथं नाही, एवढंच तो सांगतो, आणि मग का नाही हा प्रश्न खांब लावणाऱ्याकडं जातो.

नकाशा छान झाला. पावलांनी अंतर मोजलं, खांबांना पिवळे ठिपके, नळांना निळे. पिवळे ठिपके देवळापासून चावडीपर्यंत दाटीनं होते, आणि गावाच्या कडेला, ओढ्याकडच्या वस्तीत, एकदम विरळ. त्या वस्तीचं नाव काय लिहायचं यावर पुन्हा खल. कमानीवर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं, जातीचं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यानंतर गावोगाव समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर झाली. मुलांनी कमानीवरचं नाव लिहिलं. त्यातल्या एकानं घरी जाऊन आजीलाही सुधारलं. आजी त्याच वस्तीतली. ती म्हणाली, ‘नाव बदाललं बाबा, रस्ता कुटं बदाललाय?’ हे त्यानं दुसऱ्या दिवशी परिपाठात, ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ म्हणून झाल्यावर, सगळ्या शाळेपुढं सांगितलं.

७ नोव्हेंबरला मी भाषणं ठेवत नाही, गोष्ट वाचते. १९०० साली त्या तारखेला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. २०१७ पासून हा विद्यार्थी दिवस. गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षाची, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावात, दुष्काळी कामावर तळं खोदायचं चाललं होतं तिथं खजिनदार. सुट्टीत मुलांना बोलावलं. भिवा, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं, नवे कपडे घालून रेल्वेनं मसूरला उतरली. पत्र वेळेवर पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागं सरले. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. सोबत डबा होता पण प्यायला पाणी मिळालं नाही, आणि पाण्यावाचून जेवताही आलं नाही. रात्र तशीच काढली.

मसूर आमच्या मुलांना माहीत आहे. मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की कराड सोडल्यावर येतं. त्यामुळं गोष्ट ‘पूर्वी’मध्ये जाऊन बसत नाही. त्या वर्षी पहिला प्रश्न आला तो असा, ‘बाई, बैलांना पाणी मिळालं का?’ उत्तर वर्गानंच दिलं, मिळालं असणारच, गाडीवानाचे बैल होते ते. दुसरा प्रश्न दारापाशी बसलेल्या एका मुलीचा होता. ती आठवड्यापूर्वीच वर्गात आली होती. ‘त्यांचा बाप बी कामावर गेलता का, गाव सोडून?’

ती बीडकडची. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडं साखर कारखाने सुरू होतात आणि मराठवाड्यातून, आपल्याच जिल्ह्यातल्या जतकडून, ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड करायची, आजारपणानं दिवस बुडाला तर खाडा पडतो. फडाजवळच्या माळावर खोप्या उभ्या राहतात. तिथं जाऊन आम्ही शिक्षक मुलांची नोंद करतो, वर्गात आणतो, मार्चमध्ये परत जाताना, गावच्या शाळेत पुन्हा बसता यावं म्हणून, शिक्षण हमीपत्रक हातात देतो. कागदोपत्री सगळं नीट आहे. वर्गात मात्र ही मुलं दारापाशी बसतात, आणि पोषण आहाराच्या पंगतीत शेवटी. त्यांना तिथं बसा असं कधी कुणी म्हटलेलं नसतं.

डिसेंबरच्या वाचनात वहीत निघालं, ‘उसाची पोरं शेवटी का बसतात?’ हात भराभर वर झाले. मग नियम आडवा आला. माणसं मोजायची नाहीत, तर मोजायचं काय? बराच वेळ कुणाला सुचेना. एकजण म्हणाला, ती लांबनं येतात म्हणून उशीर होतो आणि शेवटी बसतात, तर वाट मोजू. खोपीपासून शाळेपर्यंत, नळापर्यंत, पहिल्या खांबापर्यंत. आणि वाट दाखवायला कुणीतरी पाहिजे, म्हणून दारापाशची मुलगी एकदम गटप्रमुख झाली.

मी तिला पुढं बोलावलं असतं तर ती उभी राहिली असती आणि मान खाली घालून बसली असती. दोरी हातात आल्यावर ती वेगळीच निघाली. बागायतदारांच्या पोरांना ती मोळी कशी बांधतात ते दाखवत होती. त्यांच्या घरी एकरांनी ऊस, पण मोळी कधी कुणी बांधलेली नाही. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून वरखर्च कसा भागतो, गाडी भरायला रात्री-अपरात्री कसं उठावं लागतं, हे ती चालता चालता सांगत होती. ‘माय तीनला उठती.’ उजेडाचं काय, असं विचारल्यावर, ‘बॅटरी. न्हाई तं चुलीचा.’ पोरांनी पावलं मोजली, दोरीनं पुन्हा पडताळली. खोप्यांच्या माळावर पिवळा ठिपका एकही पडला नाही. आणि माळाच्या कडेच्या फडाकडं बोट करून आमचा एक विद्यार्थी ऐटीत म्हणाला, ‘आमचाच हाय की ह्यो.’

दोन दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले.

‘बाई, पोरगं ताटावर इचारतंय, आपल्या फडाजवळ लाइट का न्हाई. मी काय कारखाना हाय का ग्रामपंचायत? आमच्या आज्ज्यानं क्रांतिसिंहांच्या माणसांना भाकरी पोचवल्यात. आमाला न्याय शिकवायचा व्हय?’

पत्री सरकारच्या, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या मुलखात नोकरी करायची तर हे वाक्य ऐकायची तयारी हवी. इथं जवळपास प्रत्येक घराला असा एक आजा असतो, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी वाद घातला नाही. ते जे पुढं म्हणाले ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. ‘मोजायचंच हाय तर मला टनामागं काय पडतंय ते बी मोजा की.’

मुद्दा रास्त होता. माणसं मोजायची नाहीत हा नियम बागायतदारालाही लागू आहे. त्यांनाही वर्गात उभं करून ‘बघा, हे ते’ असं दाखवायचं नाही. मी त्यांना शुक्रवारी वर्गात बोलावलं आणि ते खरंच आले, इस्त्रीचे कपडे घालून, बिलाच्या पावत्या घेऊन. बी, खत, पाणीपट्टी, बँकेचा हप्ता. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे आणि प्रत्यक्षात काय होतं. वजनकाट्याची पावती कशी वाचायची. मुलांनी बेरजा-वजाबाक्या केल्या. आमच्या गणिताच्या पुस्तकात एवढ्या जिवंत वजाबाक्या नाहीत. शेवटी एका मुलानं विचारलं, ‘तुमच्याकडं बी न्हाई, तिच्या बापाकडं बी न्हाई. मग पैसा जातो कुणाकडं?’ ते हसले. ‘ह्ये तुमच्या बाईला इचारा.’ मी प्रश्न वहीत लिहायला सांगितला. तो अजून निवडून आलेला नाही, आला तर काय करायचं याचा विचार मी अधूनमधून करते.

पंगतीचं काय झालं, असं शिक्षक परिषदेत एका बाईंनी विचारलं. काही थोर झालं नाही. माप घेणाऱ्या गटातली मुलं एकत्र जेवायला लागली, कारण त्यांना मापांवरून भांडायचं असायचं. बाकीची पंगत पुष्कळशी तशीच राहिली. कर्मवीर अण्णांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवायची, हे मी दर २२ सप्टेंबरला सांगते. पण तिथं आधी काम वाटलेलं होतं, पंगत त्यातून आली. आपण नेमकं कामच गाळतो आणि पंगतीचे फोटो काढतो.

मराठीच्या तासाला अर्जलेखन होतंच. मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. ओढ्याकडच्या वस्तीत बंद पडलेले दिवे सुरू करावेत आणि खोप्यांच्या माळावर हंगामापुरता एक दिवा द्यावा. सोबत नकाशा, पावलांच्या हिशेबासह. सगळे मिळून देऊन आले. ग्रामसेवकांनी बिस्किटं दिली, नकाशाचं कौतुक केलं, फोटो काढला आणि तो संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर फिरला. मुलं खूश, मीही खूश. बीडच्या मुलीनं एवढंच विचारलं, ‘पावती दिली का?’

कसली पावती?

‘दिल्याली. पावती नसली तर मुकादम न्हाई म्हंतो.’

दुसऱ्या दिवशी मुलं अर्जाची दुसरी प्रत घेऊन पोच मागायला गेली. शिक्का, सही, आवक क्रमांक. आवक क्रमांक नावाची काही चीज असते हे मला स्वतःला नोकरी लागल्यावर कळलं होतं. यांना ते चौथीत कळलं, आणि कळवणारी दारापाशी बसणारी होती.

वस्तीतले दिवे महिन्याभरात लागले. माळावरच्या दिव्याचं उत्तर मार्चमध्ये मिळालं, तेही तोंडी. हंगाम संपत आलाय, आता कशाला. खरंच टोळ्या निघाल्या होत्या. तिनं हमीपत्रक दप्तरात घातलं आणि जाताना मोजणीची दोरी मागितली. ती शाळेची होती, पण दिली.

ती गेल्यावर प्रकल्प आपोआप संपेल असा माझा अंदाज होता. मुलांनी एप्रिलमध्ये दुसरा अर्ज लिहायला घेतला, दिवाळीच्या आत दिवा लागावा म्हणून. तिचं नाव घालायचं की नाही यावर पुन्हा एक तास भांडण झालं. अखेर नाव गळलं, पावलं राहिली, आणि ‘या वेळी उत्तर लेखी द्यावे’ ही एक ओळ वाढली. ती कुणी सुचवली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता ती मुलं पाचवीत आहेत. दर मासिक सभेच्या आधी त्यांच्यातले दोघं-तिघं पोच घेऊन ग्रामपंचायतीत जातात. परवा ग्रामसेवक मला एसटी स्टँडवर भेटले आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमची पोरं जरा आवरा.’ मी म्हटलं, ती आता माझ्या वर्गात नाहीत, पाचवीच्या सरांना सांगा.